आक्साच्या वाळूवर बाबांच्या मागे

दादा गेला त्या वर्षी आमच्याकडे दिवाळी झाली नाही. शेजारच्यांनी फराळाचं ताट आणून दिलं, ते आईने न उघडताच वरच्या फळीवर ठेवलं. दिवाळी संपल्यावरच्या रविवारी बाबा सकाळी लवकर उठले, दाढी केली, कामावर जाताना घालत तसे पँट-शर्ट घातले आणि चहा घेऊन दाराकडे निघाले.

"खय चाललात?" आईने विचारलं.

"मार्वेची बस पकडतो. आक्साला जाऊन येतो."

बाबा जिना उतरायला लागले तशी आई आतल्या खोलीत माझ्याकडे आली. मी तेव्हा बारावीला होते, समोर पुस्तक उघडं होतं. तिने ते मिटलं.

"त्येंका एकट्याक सोडू नको," ती म्हणाली. "जा मागसून. काय बोलू नको. नजर ठेव फकत."

तिला कशाची भीती वाटत होती ते मला कळलं, कारण तीच भीती मलाही वाटत होती. मी चपला घातल्या आणि मालाड स्टेशनच्या पश्चिमेला बस सुटायची तिथवर धावतच गेले. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी मला चढताना पाहिलं आणि शेजारी जागा करून दिली.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. श्रावणात एका सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर आक्साला गेला. घरी सांगून गेला होता, चोरून नाही. आईने डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती. त्याला पोहता येत होतं. देवगडजवळच्या आमच्या गावात खाडीत तो लहानपणापासून पोहलेला. पाणी ओसरत होतं. कमरेपर्यंत पाण्यात उभा असताना त्याच्या पायाखालची वाळू सरकली. मित्रांनी हात पुढे केला, तोवर तो लांब गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोळीवाड्यातल्या माणसांना तो पुढच्या खडकांपाशी सापडला. त्यांनी त्याला चादरीत गुंडाळून वर आणला आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले. बाबा पुढे त्या माणसांना भेटायला गेले होते, हे मला बऱ्याच नंतर कळलं.

त्या दिवसापासून आईने मासे आणणं बंद केलं. आमच्यासारख्या कोकणातल्या घरात मासळीवाली दारात आली नाही तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. मासळीवालीला तिने एकदाच सांगितलं, "नको येऊ." त्या बाईने कारण विचारलं नाही. सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

मार्वेच्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंना तिवरं होती. मालाडची वस्ती संपली की बस एकदम मोकळ्यावर येई. डावीकडे चिखल, त्यात तिवरांची वर आलेली मुळं, मध्ये पाण्याच्या बारक्या वाटा. ओहोटी असली की चिखलावर बगळे दिसत. बाबा पूर्ण वेळ बाहेर बघत होते. मी बाबांकडे बघत होते.

आक्साला उतरल्यावर ते सुरूच्या झाडांमधून सरळ वाळूवर गेले आणि एका जागी उभे राहिले. मित्रांनी कपडे ठेवले होते ती जागा त्यांना दादाच्या मित्रानेच दाखवली होती. मी मागे, थोड्या अंतरावर. बऱ्याच वेळाने ते न वळताच म्हणाले, "तुला आईने पाठवलंय ना?"

"हो."

"बरं केलं. पण तसं काही नाहीये गं. मला फक्त बघायचं होतं, पाणी इथे कसं वागतं ते."

त्या दिवशी त्यांनी खरंच तेवढंच केलं. ऊन चढेपर्यंत पाणी बघितलं. कुठे लाट फुटते, कुठे फुटत नाही आणि वर नुसतं गुळगुळीत दिसतं, कुठे वाळूत मध्येच खळगा पडतो. पाण्यात पाऊल टाकलं नाही. परतताना पाच-सहा मुलांचा घोळका पाण्याकडे निघालेला दिसला. बाबा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"पाणी उतरतंय आत्ता. तिकडे त्या बाजूला जाऊ नका, खाली ओढ आहे."

"काका, टेन्शन नको. सगळ्यांना पोहता येतं," एक जण हसून म्हणाला.

मला वाटलं बाबा आता दादाचं सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. "पोहण्याचा प्रश्न नाही," एवढंच म्हणाले आणि मुलं पाण्यातून बाहेर येईपर्यंत तिथेच उभे राहिले. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. आई दारात बसली होती.

मग दर रविवार तसाच. बाबा एका औषधाच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होते. आठवडाभर काम, रविवारी आक्सा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची सवय आधी फक्त आईला होती, आता बाबांनाही लागली. अमावास्या, पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. भरती रोज थोडी थोडी उशिरा होत जाते. हे गावी त्यांनी ऐकलेलं असणारच, पण गाव सोडून त्यांना इतकी वर्षं झाली होती की मुलाला सांगावं असं कधी सुचलं नाही. हे ते मला बोलले नाहीत. एकदा बसमध्ये स्वतःशीच म्हणाले, "शाळेत अकबराचे वडील कोण ते शिकवतात, पाणी कधी ओढतं ते नाही."

थंडी पडली तसे किनाऱ्यावर पक्षी आले. पांढऱ्या कुरवांचे थवे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले असत. पाण्याच्या कडेने छोटे, राखी रंगाचे चिखले पळत, थांबत, चोच मारत, पुन्हा पळत. मी इतकी वर्षं मालाडला राहिले, पण हे पक्षी मी पाहिले नव्हते. किंवा दिसले असतील आणि मी पाहिले नसतील. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे बघितलं ते बाबांवरून नजर काढता यावी म्हणून. सतत एका माणसावर नजर ठेवणं अवघड असतं, विशेषतः तो तुमचा बाप असेल आणि तो रडत नसेल तर.

कॉलेजात आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई होत्या, कडक, बुटक्या, कायम सुती साडीत. त्या एका रविवारी वरच्या वर्गातल्या मुलामुलींना घेऊन आक्साच्या खडकांवर आल्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांना माझ्या घरचं ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आलीच आहेस तर चल आमच्याबरोबर. तुम्हीही चला ना."

ते बाबांना होतं. बाबा आले.

ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवर बाईंनी आम्हाला काय काय दाखवलं. खडकाला चिकटलेली कालवं. पाण्याच्या डबक्यात फुलासारखं उघडलेलं काहीतरी, जे सावली पडताच मिटलं. वाळूतले बारीक खेकडे, ज्यांनी बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मांडून ठेवल्या होत्या. एका मुलाने एक दगड उलटून खालचा खेकडा बघितला आणि दगड बाजूला टाकून पुढे गेला. बाईंनी त्याला परत बोलावलं.

"होता तसा ठेव."

"मॅडम, दगडच तर आहे."

"वरच्या बाजूला उन्हात राहणारे आहेत, खालच्या बाजूला अंधारात राहणारे. तू उलटा ठेवून गेलास तर दोन्ही मरतात. बघायला आलोय ना आपण? मग बघून झालं की होतं तसं करायचं."

मुलाने दगड ठेवला. बाबा ते बघत होते. पुढे चालताना बाईंनी मुलांना हळू केलं, कारण समोर चिखल्यांचा थवा होता. म्हणाल्या, हे पक्षी फार लांबून, बर्फाच्या देशांकडून येतात. ओहोटीचे थोडे तास त्यांना पोट भरायला मिळतात. आपण दर वेळी जवळ जाऊन उडवलं तर तेवढे तास उडण्यातच जातात. "ते उडाले की समजायचं, चुकलं आपलं."

घरी जाताना बसमध्ये बाबांनी ते वाक्य मला पुन्हा विचारून घेतलं.

त्यानंतर बाई महिन्यातून एकदा तरी मुलांना घेऊन येऊ लागल्या, कधी आक्साला, कधी मार्वेला तिवरांच्या कडेने. येण्याआधी त्या मला वर्गात विचारत, "बाबांना विचार, या रविवारी पाणी कधी उतरतंय." बाबांकडे कारखान्यातल्या कुणाची तरी जुनी दुर्बीण आली होती. तिचा एक डोळा धुरकट होता. चालताना ते सर्वांत पुढे. पाणी चढायला लागलं की खडकांवरून सगळ्यांना परत फिरवत, मग कुणाला कितीही छान काहीतरी दिसलेलं असो. गाणी म्हणायची नाहीत, शिंपले पिशवीत भरायचे नाहीत, खाल्लेल्याचे कागद परत न्यायचे. मुलं त्यांना पाठीमागे "भरतीकाका" म्हणत. मला ते आवडायचं नाही, पण बाबा ऐकून हसले. दादा गेल्यावर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

हे मी घरी आईला सांगितलं. मला वाटलं तिला बरं वाटेल.

ती डाळ निवडत होती. "हसले?" तिने विचारलं. "थंयसर?"

"तिथेच," मी म्हटलं आणि तिच्यासमोरच्या डाळीतले खडे वेचू लागले.

रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, "त्या पाण्याक बघून तुमका हसू कसा येता?" आवाज चढलेला नव्हता. बाबांनी हातातला घास खाली ठेवला आणि उठले. नंतर मला ते म्हणाले, "ती बरोबर आहे. आणि मी पण चूक नाहीये. कसं सांगायचं तिला?" मी त्यांची मुलगी होते, त्यांच्या मधलं माणूस नव्हते.

पावसाळ्यात पक्षी जात, बाईंचे विद्यार्थी येत नसत, पण माणसं मात्र सगळ्यात जास्त तेव्हाच येत. पावसात समुद्र बघायला. बाबा छत्री घेऊन किनाऱ्यावर येरझाऱ्या घालत. काही जण ऐकत, बरेच ऐकत नसत. बायका-मुलं घेऊन आलेली माणसं ऐकत. तरुण मुलं चेष्टा करत. एकदा चार-पाच जण प्यायलेले होते. बाबा आडवे आले तर त्यातल्या एकाने त्यांना ढकललं. बाबा वाळूत बसले. मी धावले. ते उठले, हात झटकले आणि त्या मुलाला म्हणाले, "माझा मुलगा इथेच गेला. तुझ्याएवढा होता."

मुलं थांबली. एकाने "सॉरी अंकल" म्हटलं. सगळी मागे फिरली, बस स्टॉपकडे गेली.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी गॅलरीत उभे होते, तिथे मी गेले. म्हटलं, "ऐकलं ना त्यांनी शेवटी."

"ऐकलं. पण गेलेल्या पोराला कामाला लावलं मी," ते म्हणाले. "तो तिथे लोकांना घाबरवायला नाही गेला. डबा घेऊन मजा करायला गेला होता." पुन्हा कुणाला अडवायला त्यांनी ते कधी सांगितलं नाही. माझ्या माहितीत आणखी एकदाच सांगितलं, ते मी पुढे सांगणार आहे.

दादा गेला तो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे त्याची तिथी दर वर्षी उधाणातच येणार. हे बाबांना ठाऊक होतं, आईच्या कदाचित लक्षात आलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिथी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी आली. बाबांनी रजा घेतली, आईने पान वाढलं, आम्ही गच्चीवर कावळ्याची वाट बघितली. दुसऱ्या वर्षी ती रविवारी आली.

आदल्या दिवशी बाबा आईला म्हणाले, "उद्या उधाण आहे आणि रविवार. गर्दी असणार. मी सकाळी जाऊन दुपारपर्यंत येतो, मग पान वाढू."

आईने त्यांच्याकडे बघितलं. त्या दोन वर्षांत ती किती बारीक झाली होती ते मला त्या क्षणी दिसलं.

"लोकांच्या पोरांका वर्षभर राखलात," ती म्हणाली. "एक दिवस माझ्या पोराचो. तो पण तुम्ही त्या समुद्राकच देतलात?"

बाबा घरी राहिले. सकाळी त्यांनी आंघोळ केली, पानासमोर बसले. आईने दादाला आवडायचं ते सगळं केलं होतं. कावळा लवकर आला. दुपारी बाबा झोपल्यासारखे पडले होते, पण मला दिसत होतं की त्यांची नजर कॅलेंडरवर आहे. मीसुद्धा घरीच होते. जेवणं झाल्यावर आई माझ्या केसांना तेल लावत बसली, जे तिने कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. तो दिवस, दादा नसलेल्या दिवसांमधला, आमचा त्यातल्या त्यात बरा दिवस होता. हे सांगायला मला आजही जड जातं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. आक्साला एक मुलगी बुडाली. कॉलेजची सहल नव्हती, चार मैत्रिणी आल्या होत्या. आईला वाचता येत होतं, पण ती पेपर क्वचित हातात घेई. त्या दिवशी तिनेच तो आधी पाहिला. मी उठले तेव्हा ती पेपर मांडीवर घेऊन ओट्याशी बसली होती. चहाचं पाणी उकळून भांडं कोरडं पडायला आलं होतं. तिने पेपर लपवला नाही. बाबांपुढे ठेवला.

बाबांनी वाचलं, घडी घातली आणि कामावर गेले. ते आईला एक शब्द बोलले नाहीत. तिनेही त्यांना काही म्हटलं नाही. मला वाटलं होतं आता भांडण होईल. मला ते व्हायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी बाबा निघाले तेव्हा आईने दाराशी त्यांच्या हातात डबा दिला. पोळ्या आणि भाजी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

पाऊस संपल्यानंतरची गोष्ट. आकाश मोकळं झालं होतं, पक्षी यायला सुरुवात झाली होती. आम्ही वाळूवर होतो. सुरूच्या झाडांखाली शहाळी विकणारा होता, त्याच्याशी एक गृहस्थ काही बोलत होते. ऑफिसला जातात तसे कपडे, बूट हातात, मोजे बुटात कोंबलेले. शहाळेवाल्याने बाबांकडे बोट केलं. गृहस्थ वाळूतून चालत आमच्याकडे आले.

"तुम्ही इथे नेहमी असता म्हणे."

"रविवारी असतो," बाबा म्हणाले.

"मी घाटकोपरहून आलो." मग थोडं थांबून म्हणाले, "श्रावणात इथे एक मुलगी गेली. माझी मुलगी."

बाबांचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. मी त्यांचा हात धरला.

"मला जागा बघायची होती," ते गृहस्थ म्हणाले. "तिच्या मैत्रिणी सांगतात, त्यांना कोणी काही सांगितलंच नाही. इथे पाणी असं आहे म्हणून. कोणी नव्हतं का हो त्या दिवशी सांगायला?"

त्यांनी ते चिडून विचारलं नव्हतं. खरंच उत्तर हवं होतं म्हणून विचारलं होतं. बाबांना नाही म्हणता आलं असतं. इथे कुणीच नसतं, असं म्हणता आलं असतं. बाबा म्हणाले, "मी सांगतो इथे येणाऱ्यांना. दर रविवारी येतो. त्या रविवारी नव्हतो."

गृहस्थ बघत राहिले. "का?"

"माझ्या मुलाची तिथी होती. तोही इथेच गेला."

मग त्या गृहस्थांनी बूट वाळूवर ठेवले आणि खाली बसले, ऑफिसच्या पँटनिशी, तिथेच ओल्या वाळूत. बाबा त्यांच्या शेजारी बसले. मी लांब गेले. लांबून ते दोघे सारखेच दिसत होते, पाठीत किंचित वाकलेले, गुडघ्यांभोवती हात. त्यांच्यापुढे पाण्याच्या कडेला चिखले चरत होते आणि ते दोघं इतके स्थिर होते की पक्षी चरत चरत अगदी जवळ आले.

त्यानंतर ते गृहस्थ काही रविवार आले. बाबा त्यांना किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालवत नेत. खडकांवर कुठे पाय ठेवायचा ते दाखवत, धुरकट दुर्बीण देत. ते दुर्बिणीतून बघत, पण मला वाटतं त्यांना त्यातून काही दिसत नसावं. एकदा त्यांनी मला विचारलं, "हे पक्षी पुढच्या वर्षी परत येतात? तेच?" मी म्हटलं, बाई म्हणतात येतात. त्यांनी मान हलवली.

बाबांनी घरी आईला सगळं सांगितलं असावं, कारण एका शनिवारी आई म्हणाली, "उद्या त्येंका घरी घेऊन या. बायको येत असेल तर तिका पण."

त्यांच्या पत्नी आल्या. सांताक्रूझला त्यांची बहीण राहायची, तिच्याकडून तशाच आमच्याकडे आल्या. उंच, गोऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या. आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेर पुरुष बसले, आत आई आणि त्या. मी चहा ठेवत होते. आई मटाराच्या शेंगा सोलत होती. थोड्या वेळाने त्या बाईंनीही परातीतल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागल्या. दोघींना एकमेकींचं काही ठाऊक नव्हतं. एक पुस्तकी मराठी बोलणारी, एक मालवणीत. शेंगा संपत आल्यावर त्या बाईंनी खाली बघतच विचारलं, "तुमचे दिवस कसे जातात हो?"

"जातत," आई म्हणाली. "नको म्हटला तरी जातत."

त्या रडायला लागल्या. आई त्यांना जवळ घेणारी नव्हती, तिला ते यायचं नाही. तिने फक्त स्वतःच्या पदराने त्यांचे हात पुसले, शेंगांनी हिरवे झालेले. निघताना दारात आई त्यांना म्हणाली, "तुमची पोरगी गेली त्या दिवशी मी ह्येंका घरी ठेवलेलंय. मीच."

बाबा जिन्यात होते, त्यांनी ते ऐकलं.

त्या बाई उंबरठ्यावर वळल्या. मग म्हणाल्या, "मीच तिला नवीन ड्रेस घालून पाठवलं होतं." आणि जिना उतरून गेल्या.

त्या गृहस्थांची पुढच्या वर्षी बदली झाली, नाशिककडे. दिवाळीला एक-दोनदा त्यांचं कार्ड आलं. नंतर आलं नाही.

आई आक्साला कधीच आली नाही. बाबांना अडवलंही नाही. तिथी पुन्हा एकदा रविवारी आली तेव्हा तिने पहाटेच पान वाढलं आणि म्हणाली, "आता जावा."

पुढे काही वर्षांत मार्वेचा रस्ता बदलला. डंपर यायचे, माती आणि विटांचे तुकडे टाकायचे, आणि तिवरं उभीच्या उभी वाळून पांढरी पडायची. बाईंनी अर्ज केले, बाबांनी त्यांवर सह्या केल्या. उपयोग झाला नाही. बस आता भिंतींच्या मधून जायची. बाबा मात्र सवयीने खिडकीतून बघत राहत. मला तोवर नोकरी लागली होती, अंधेरीच्या एका शाळेत. लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली, रविवार माझे. नवरा हसला. आपण काय कबूल केलंय ते त्याला पुढे कळलं.

शेवटच्या वर्षी बाबांना वाळूवर चालवेना. मधुमेहाने पायांची जाण गेली होती, खडकांवर तर प्रश्नच नव्हता. तरी ते येत. सुरूच्या झाडांखाली बाकावर बसत, आणि पाण्याकडे जाणाऱ्यांना तिथूनच आवाज देत. आवाज पोहोचत नसे. मग मी माझ्या शाळेतल्या मुलांना घेऊन पुढे जाई आणि परत येऊन त्यांना सांगे काय दिसलं ते. ते बारीकसारीक विचारत. कुरव किती आलेत, चिखले कुठल्या बाजूला होते, कुणी उडवले तर नाहीत ना.

सप्टेंबरअखेरच्या एका रविवारी मी परत आले आणि म्हटलं, "फार नाहीत हो यंदा. एक छोटा थवा होता फक्त."

"येतील," ते म्हणाले. "पाऊस आता कुठे संपलाय. तू घाई करतेस."

मग त्यांनी काठी मागितली आणि आम्ही बसकडे निघालो. त्या आठवड्यात त्यांना ताप आला, पायाची जखम चिघळली, आणि दसऱ्यानंतर हॉस्पिटलमध्येच ते वारले. आई शेवटपर्यंत त्यांच्या पायाशी बसून होती. मी तिला घरी जाऊन थोडं झोप म्हटलं, तर म्हणाली, "ह्येंच्या मागसून तू जायचीस. आता माका बसांदे."

पुढच्या रविवारी मी एकटीच आक्साला गेले. थवे उतरले होते, पाण्याच्या कडेने दूरवर. मी बाकाशी थांबले, पुढे गेले नाही. ओहोटी अर्ध्यावर आली होती आणि तीन मुलगे सायकली झाडाला लावून, शर्ट काढत पाण्याकडे निघाले होते. मी त्यांच्या दिशेने चालायला लागले.